आधी मी खाते

वाशीतल्या त्या थाळीच्या हॉटेलात मॅनेजरने मला दोनदा हसून सांगितलं, "मॅडम, आम्ही शेंगदाणे वापरतच नाही." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो हसला नाही. माझी लेक मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली होती, या बाईशी आपला काही संबंध नाही अशा थाटात. ताटं आली. तिच्या ताटातल्या काकडीच्या कोशिंबिरीचा मी एक घास घेतला आणि ताट मागे सारलं. वाढप्याला बोलावून विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "शेंगदाणे नाहीत मॅडम, कूट आहे फक्त."

फक्त! या 'फक्त'पायी एकदा माझी लेक हातची जाणार होती. चार वर्षांची होती तेव्हा. शेजारच्या काकूंनी कौतुकाने शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला. अर्धा खाल्ला असेल नसेल, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. रिक्षात तिला मांडीवर घेऊन दवाखाना गाठेपर्यंत मी कोणकोणत्या देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही. डॉक्टरांनी वाचवली आणि बजावलं, यापुढे हिच्या पोटात शेंगदाणा जाता कामा नये, चिमूटभरसुद्धा.

हे त्यांनी बजावलं सोलापुरात. आमच्याकडे शेंगदाणा नसलेला पदार्थ म्हणजे पाणी, आणि फार तर चहा. चटणी शेंगदाण्याची, आमटीत कूट, खिचडीत कूट, तेलही शेंगदाण्याचं. मी घरातून सगळं हद्दपार केलं. पण बाहेर माझं कोण ऐकणार? मग नियम झाला, आधी मी खाते. लग्न असो, बारसं असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, तिच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी माझ्या तोंडात जायचा. मी जीभ फिरवायची, मान हलवायची, मग ती जेवायची. जीभ इतकी तयार झाली होती की चमचाभर कूट पातेलंभर आमटीत असलं तरी मला कळायचं. नातेवाईक हसायचे. हसू देत, मी म्हणायची, तुमची नाही ना पोरगी.

आता ही पोरगी बावीस वर्षांची झाली आणि तिला नोकरी लागली ती महाप्याच्या एका कंपनीत. कोपरखैरण्यात पीजी मिळालं, तिघींत एक खोली, आणि खोलीत स्वयंपाकाला सक्त बंदी. म्हणजे दोन्ही वेळचं जेवण बाहेर. मी म्हटलं, जमणार नाही. ती म्हणाली, मी जाणार. घरात काही दिवस भांड्यांचे आवाज जरा जास्तच झाले. शेवटी मी अट घातली. मी सोबत येते. सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. रविवारी दुपारपर्यंत तिला रोज बिनघोर जेवता येईल अशी एक तरी जागा सापडली तर ती राहील. नाहीतर माझ्याबरोबर परत येईल. ती "बरं" म्हणाली, पण तिचा चेहरा पाहूनच मला कळलं की ही परत यायची नाही. आणि मी तिला अशी सोडून जाणारी नव्हते.

अनोळखी गावात चांगलं हॉटेल शोधायचं म्हणजे हल्ली मोबाइल काढायचा आणि स्टार बघायचे. खाली लोकांनी लिहिलेलं असतं, चव एक नंबर, एसी छान, पार्किंगची बोंब. कूट पडतं का, ते कुणी लिहीत नाही. लिहिणार तरी कसं? मराठी माणसाला कूट हा वेगळा जिन्नसच वाटत नाही. मिठासारखं ते असतंच.

वाशी झाली तसं दुसऱ्या दिवशी सानपाडा झालं. तिथल्या इडलीवाल्याची चटणी मी बोटाच्या टोकावर घेतली आणि पुन्हा बशी मागे.

"खोबऱ्याचीच आहे," तो म्हणत राहिला. "दाट व्हायला थोडा दाणा टाकतो, बस."

"मी नुसती इडली खाईन," लेक म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"जन्मभर?"

ती उठून बाहेर गेली. शिरवण्यात कामगारांची एक खानावळ होती. तिथली भाजी बघून मलाच भूक लागली, पण दाराशी शेंगदाणा तेलाचे रिकामे डबे रचलेले होते. मी आत पाऊलही न टाकता वळले. तिथे भर उन्हात, ट्रकच्या धुळीत, ती पहिल्यांदा ओरडली.

"तुला जागा सापडायलाच नकोय!"

"असं?"

"हो. तू जेवायची जागा शोधतच नाहीयेस. मला परत न्यायला निमित्त शोधतेयस."

मला भयंकर राग आला, कारण त्यात थोडं खरं होतं. पर्समध्ये इंजेक्शनची डबी होती, डॉक्टरांनी कायम जवळ ठेवायला सांगितलेली. मी ती काढून तिच्यापुढे धरली. "जीव घाबरा झाला असताना हे स्वतःला टोचता येईल तुला?"

"येईल. डॉक्टरांनी मला शिकवलंय. माझ्याही बॅगेत आहे ते," ती म्हणाली. रिक्षात आम्ही दोघी दोन बाजूंना तोंडं करून बसलो.

शुक्रवारी संध्याकाळी पीजीकडे परतताना आम्ही बोनकोड्याच्या गल्लीतून चालत होतो. म्हणायला गाव, पण घरं चार-चार मजली, एकाला एक खेटलेली, डोक्यावर वायरींचा गुंता. एका इमारतीच्या तळमजल्यावर टेबलं मांडलेली होती. नावाची पाटी नाही, फळ्यावर खडूने 'जेवण तयार आहे' एवढंच. मी पुढे निघाले होते. लेक थांबली, जरा वेळ नुसतीच उभी राहिली आणि म्हणाली, "इथे विचार."

"मोबाइलवर आहे का हे?"

"नसेल. विचार तर."

मालकीणबाई पन्नाशीच्या, गाऊनवर ओढणी, हात तांदळाच्या पिठाने माखलेले. इमारत त्यांचीच. वर भाडेकरू, खाली खानावळ. मी माझी उलटतपासणी सुरू केली, तर त्यांनी मला निम्म्यावरच थांबवलं.

"तुमी घाटावरच्या ना? मंग बरोबर हाय. शेंगदानं तिकडं. आमचे जेवनात नारल पडतो. शेंगदानं आमाला कशाला पायजे?"

"तेल कुठलं?"

"सोयाबीनचं. आत येवून बघा ना. लाजू नका."

दोन दिवसांत मला स्वयंपाकघरात बोलावणारी ही पहिलीच. मी गेले. डबे उघडून पाहिले, मसाला चाखला, तेलाच्या पिशवीवरचं वाचलं. त्या कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "पोलिसात हाय का तुजी आई?" त्यांनी लेकीला विचारलं, आणि लेक हसली. किती तरी वेळाने हसली.

त्या संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी होती. मी चाखली, थांबले, मान हलवली. ती पोटभर जेवली. शनिवारी दोन्ही वेळा आम्ही तिथेच गेलो. डाळ-भात झाला, तळलेला मासा झाला, काही म्हणजे काही त्रास झाला नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण मी उतरले होते त्या लॉजवर बॅग भरताना सारखं वाटत होतं की आपण काहीतरी विसरतोय. काय, ते मला पुरतं ठाऊक होतं. ही जीभ काही मागे ठेवून जाता येत नव्हती.

रविवारी दुपारी जेवून मी बस पकडणार होते. सुट्टीमुळे खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. मालकीणबाईंनी मदतीला वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंना घेतलं होतं, त्या बीडकडच्या. ताटात भाकरी, भात आणि वांग्या-बटाट्याचा रस्सा. मी रस्स्याचा घास घेतला. नारळ, लसूण, मसाला, वांगं. जीभ फिरवली. खरं सांगते, तिथे खाल्लेल्या सगळ्यांत तो रस्सा चांगला होता. अगदी माझ्या माहेरच्या वांग्यासारखा. मी मान हलवली.

"जेव."

ती जेवेना.

"जेव गं, बसची वेळ होतेय."

ती ताटावर जराशी वाकली आणि ताट हळूच लांब सारलं. "यात आहे."

"काय आहे?"

"आई, यात शेंगदाणे आहेत."

"मी खाल्लंय ना आत्ता!"

शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. मला वाटलं, घाबरली. आई जाणार म्हटल्यावर पोरीचे पाय लटपटले, आणि राहायचं नाही असं तोंडाने म्हणवत नाही म्हणून हे नाटक. आणि मला आनंद झाला. मनातल्या मनात मी तिची बॅगही भरून टाकली.

"हे बघ," मी आवाज मऊ केला, "भीती वाटत असेल तर तसं सांग, आपण परत जाऊ. पण माझ्या जिभेला नावं ठेवू नकोस. दोन घास खाऊन तर बघ. काही होत नाही."

"मी नाही खाणार." तिचा आवाज चढलाही नाही.

मग मी उठले. आत गेले ते तिला खोटं पाडायलाच. मालकीणबाई माझा प्रश्न ऐकून भडकल्या. "ताई, आता हद्द झाली. दोन दिस जेवता ना इथं? आमी टाकत नाय म्हंजे नाय!"

"तेच मी तिला सांगतेय," मी म्हटलं.

मागे ओट्यापाशी त्या बीडच्या बाई भात काढत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी फळीवरून स्टीलचा एक डबा पुढे ओढला. तो त्यांच्या घरचा होता.

"वांगं हाय न्हवं," त्या म्हणाल्या. "कुटाबिगर वांग्याला चव कशी येणार? दोनच चमचं टाकलं. मला कुनी सांगितलंच न्हाई."

त्यांना काय बोलणार? त्यांच्या जागी मी असते तर माझाही हात कुटाच्या डब्याकडेच गेला असता. वांग्यात कूट माझी आई टाकायची, तिची आई टाकायची. सोलापुरात असताना मी वांगं चाखायच्याही भानगडीत पडत नसे, तिच्या ताटातच येऊ देत नसे. इथे मालकीणबाईंच्या भरवशावर बेसावध राहिले. आणि माझी ती तयार जीभ, जिने कोशिंबिरीतलं पकडलं, चटणीतलं पकडलं, ती वांग्यापाशी गप्प बसली. तिला त्यात परकं काही लागलंच नाही. वांगं असंच लागतं, एवढंच तिला ठाऊक. आणि मी पोरीला म्हटलं होतं, दोन घास खाऊन तर बघ.

मी बाहेर आले.

"हात धू आधी," लेक म्हणाली. "साबणाने. आणि चूळ भर."

मी हात धुतले, चूळ भरली, समोर येऊन बसले. मग विचारलं, "तुला कसं कळलं?"

"वास आला."

"पण तुला तर ते कसं लागतं हेही माहीत नाही."

"चव नाही माहीत. वास माहितेय. आपला जिना चढतानाच मला कळतं कुणाकडे दाणे भाजतायत ते. दर वेळी येतोच असं नाही, म्हणून मी विचारतेही. पण बहुतेक वेळा येतो."

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं मी भर पंगतीत तुझ्या ताटात हात घालत होते. सगळे हसायचे. तू चिडायचीस."

"तू आधी खाल्लंस की तुला बरं वाटायचं," ती म्हणाली. "म्हणून."

कुठल्या कुठल्या पंगती डोळ्यांपुढून गेल्या. मी मान हलवेपर्यंत ती मुकाट वाट बघत बसलेली असायची, आणि मला वाटायचं की माझ्या परवानगीसाठी थांबलीय.

ती उठून आत गेली. मला बाहेर ऐकू येत होतं. तवा घासून घ्याल का, पळी वेगळी घ्याल का, तेल नवं ओताल का. माझेच प्रश्न, पण कुणी भडकलं नाही. बीडच्या बाईंना म्हणाली, "मावशी, वांगं तुम्ही तुमच्या पद्धतीने करा, छानच होत असेल. फक्त तुमचा डबा आणला असेल त्या दिवशी मला आधी सांगा, मी तेवढ्यापुरती दुसरीकडे जेवेन." त्या "व्हय बाळा, व्हय" म्हणाल्या. मालकीणबाईंचा आवाज आला, "पोरीचं ताट मी सोता करनार. कुनी हात लावायचा नाय."

नवं ताट आलं. गरम भाकरी आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळलेला बांगडा. ती ताटावर वाकली. या वेळी ते माझ्यापासून लपवलं नाही. सावकाश श्वास घेतला आणि सरळ बसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि ताट टेबलावरून माझ्या बाजूला सरकवलं.

"घे," ती म्हणाली. "आधी तू."

माझा हात उचललासुद्धा गेला होता. मी तो मागे घेतला.

"मला नको," मी म्हटलं. "तू जेव. गार होतंय."

तिने ताट जवळ ओढून भाकरी मोडली. मी न चाखलेला घास ती माझ्यादेखत पहिल्यांदाच खात होती, आणि मी तोंडाशी रुमाल धरून ते बघत बसले.