शंकांची आवक-जावक

आवक-जावककाकांसमोर सहज म्हणून काही विचारायची सोय नव्हती. देवाबद्दल तोंडातून शंका निघाली की ते खिशातून पेन काढत, जाडजूड रजिस्टर उघडत, तारीख घालत आणि तुम्हाला आवक क्रमांक देत. उत्तर पंधरा दिवसांत, लेखी. सगळी नोकरी दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत काढलेला माणूस दुसरं काय करणार? निवृत्त होऊन गाझियाबादला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले, ते हे रजिस्टर काखेत मारूनच. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, पदार्थविज्ञानातले डॉक्टर. विज्ञान, तत्त्वज्ञान आणि ईश्वरज्ञान एक दिवस एकाच कागदावर सही करतील, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांच्या घरात बिनक्रमांकाची तेवढी एकच गोष्ट.

त्यामुळे उत्तराचा कागद तीन रकान्यांचा असे, प्रत्येक ज्ञानाला एक. सोसायटीचे सेक्रेटरी सक्सेनाजी एकदा टाकीची गळती बघायला आले आणि चहा होईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, की बायबलात पहिल्या दिवशी उजेड आणि सूर्य एकदम चौथ्या दिवशी, हे कसं? चौदाव्या दिवशी त्यांच्या हातात हिंदीतली नऊ पानं पडली. पोच म्हणून सहीही द्यावी लागली. "अंकलजी, मैंने तो यूँ ही पूछा था," ते काकुळतीने म्हणाले. यूँ ही विचारलेले प्रश्नच मूलभूत असतात, असं काकांनी त्यांना अर्धा तास पटवून दिलं. टाकी पुढे महिनाभर गळत होती.

दिल्लीतली मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा उपासनेला जमत. चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा भिडेखातर काकांना बोलायला उभं केलं. काका अणूच्या पोटात शिरले ते पाऊण तासाने बाहेर आले, आणि वर प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला. एका आजींनी हात वर करून आर. के. पुरमची बस चुकेल का, असं विचारलं. काळाविषयीचा प्रश्न म्हणून तोही रजिस्टरात गेला. काकू शांतपणे म्हणाल्या, "यांच्या स्वर्गात शिरायचं तर आधी तोंडी परीक्षा आहे."

त्यांची टिंगल करण्यात मीही मागे नव्हते. मग माझा धाकटा भाऊ निखिल ऑफिसमधून येताना स्कूटरच्या अपघातात गेला. आईने बोलणं सोडलं. देवघराचं दार बंद करून टाकलं. ताट पुढ्यात ठेवलं तर दोन घास, नाही तर तेही नाही. तेरावं झाल्यावर एका सकाळी ती अनवाणीच समोरच्या घरी गेली. मी मागोमाग धावले.

"भावोजी, लिहून घ्या," ती म्हणाली. "माझाच मुलगा का?"

काकांनी खरोखरच पेन काढलं, तारीख घातली, क्रमांक दिला. त्या क्षणी मला त्यांचा संताप आला. पण आई त्या दिवसापासून वाट पाहू लागली. तीन रकाने वाचून ती कायमची खचणार, या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी काका आले, रिकाम्या हातांनी.

"वहिनी, चौदा मसुदे केले," ते म्हणाले. "एकही तुमच्यासमोर वाचायच्या लायकीचा नाही. मला उत्तर येत नाही."

 आईने समोरची मटारच्या शेंगांची परात त्यांच्याकडे सरकवली. त्यानंतर काका रोज त्याच वेळी येऊ लागले. निखिलची घरी यायची वेळ होती ती. येत, सोफ्यावर बसत, कधी मटार सोलत, कधी मेथी निवडत. कामात अगदीच ढ. निम्मे दाणे सोफ्याखाली जात. एकदा आई त्यावरून त्यांना रागावली, चांगली दोन वाक्यं. मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडले. बाकी सोसायटीला तीन रकान्यांचे कागद वेळच्या वेळी मिळतच होते, सक्सेनाजी तर त्यांना पाहून लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागले होते.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. अंत्यविधीच्या उपासनेत त्यांचे जुने सहकारी बोलले. विज्ञान आणि धर्म यांच्यात त्यांनी बांधलेल्या पुलाबद्दल इतकं बोलले, की काका असते तर खूश झाले असते. आणखी कुणाला बोलायचंय का, असं पाळकसाहेबांनी विचारल्यावर आई उठली. चर्चमध्ये पाऊल टाकायचीसुद्धा तिची ती पहिलीच वेळ.

"भावोजींनी मला काहीही समजावून सांगितलं नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं रोज यायचे. एकदाही नाही."

एवढंच बोलून ती खाली बसली. पुढच्या बाकावर सकाळपासून ताठ बसलेल्या काकूंना तेव्हा रडू फुटलं.