बिनदेठाचा कंडक्टर

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं दडी मारली होती. नांदेडच्या एसटीत माझ्या शेजारी वनस्पतीशास्त्राचे एक मास्तर बसले होते. बाहेर झाडांना पान नव्हतं, म्हणून ते गाडीतली माणसं न्याहाळत होते.

"वर्णन देठापासून करायचं असतंय," ते माझ्या कानाशी म्हणाले. "कंडक्टर बघा. मान न्हाईच. अवृंत, म्हंजे बिनदेठाचा." पुढच्या बाकावरच्या आजोबांचे कान हृदयाकृती निघाले, ड्रायव्हरची मान लोमश, म्हणजे केसाळ. मी हौसेनं माझं विचारलं. त्यांनी माझ्या टकलावरून बोटच फिरवलं. "पृष्ठभाग गुळगुळीत, मेणचट. कडेला विरळ लव."

मला राग आला. "माणसांना कशाला पानासारखं तपासून राहिलात?"

"मग काय करू? पोरांना दाखवायला एक पान न्हाई. वापरले न्हाईत तर शब्द गंजून जातेत."

लोह्याच्या स्टँडवर पाणपोईच्या सांडपाण्यावर रुईचं एक झुडूप तगलं होतं. मास्तर खिडकीतून अर्धे बाहेर झुकले. आता देठ, कडा, लव, सगळं ऐकावं लागणार म्हणून मी सावरून बसलो. गाडी हलली, झुडूप मागं पडलं, तरी ते बघतच होते.

"हिरवं हाय," एवढंच म्हणाले.