धडधाकट सोबती

नातीला झोळी बांधायला ट्रंकेतून जुनं लुगडं काढलं, डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, चाकुरातल्या विहिरी आटल्या होत्या, आणि आखातात कामाला असलेल्या नवऱ्याकडं मी दीड वर्षाची पोर घेऊन निघाले होते. माझा एक पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. मुंबईच्या विमानतळावरचा साहेब माझ्याकडं बघेचना, सोडायला आलेल्या भावालाच म्हणाला, "ह्या अपंग आहेत, मूल कोण सांभाळणार? नियमानं सोबत धडधाकट माणूस पाहिजे." मी म्हणलं, "मला इचारा की, साहेब! टँकर आला की ह्याच लुगड्यानं पोर पाठीला बांधते, एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात घागर. तवा कुटं गेला व्हता तुमचा नियम?" तिथंच पोर पाठीला बांधून दाखवली, तरी त्याचं 'नाही' ते नाहीच. शेवटी रांगेतला सुटाबुटातला एक अनोळखी माणूस म्हणाला, "मी बघतो यांच्याकडे," आणि तेवढ्यावर साहेबाचं समाधान झालं! आईच्या शब्दाला किंमत नव्हती, पोरीचं नावही ठाऊक नसलेल्या माणसाच्या शब्दाला होती. विमान उडालं तसा तो गृहस्थ ओकायला लागला. पोर माझ्या मांडीवर गाढ झोपलेली, आणि एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडापुढं पिशवी मी धरली होती. आज तीच पोर स्वतःचं लेकरू माझ्याजवळ ठेवताना दारातून विचारते, "आई, एकटीला जमंल का गं तुला?"