सत्यशीलाने नाकारलेले ताट

सत्यशीला माझ्या पडेगावच्या घरात मागच्या खोलीत भाड्याने राहते. वय एकवीस. वडील मुंजाबा खुलताबादच्या डोंगरावर मेंढ्या राखतात. ज्युदोच्या अठ्ठेचाळीस किलो गटात तिला दोन वर्षे राज्यात कोणी पाडलेले नाही. यंदा ताश्कंदच्या स्पर्धेसाठी निवड झाली, पण स्वखर्चाने. दोन लाख दहा हजार रुपये.

तिचे अर्ज मीच लिहिले, एकूण सतरा. उत्तर एकच आले, क्रांती चौकातल्या बियाण्यांच्या दुकानाचे मालक बद्रीनाथ शेठ यांचे. त्यांनी गुरुवारी दुपारी घरी बोलावले. फोनवर "जेवायलाच या" म्हणाले आणि मी सवयीने, आभार मानून, हो म्हटले. चूक माझी.

कारण शुक्रवारी सकाळी सात वाजता ज्युदो संघटनेचे लोक तिचे वजन घेणार होते, पैसे भरल्याची पावतीही तेव्हाच दाखवायची होती. दोन्हींतले एक चुकले तरी नाव कापले जाणार. गुरुवारी सकाळी काटा अठ्ठेचाळीस किलो चारशे ग्रॅम दाखवत होता. तिने पाणीसुद्धा घोटभरच घेतले होते. जेवणाचे मी तिला रिक्षात सांगितले.

शेठजींच्या आई केसरबाईंनी स्वतः वाढले. पुरणाची पोळी, तुपाची धार, येसराची आमटी. शेठजी मोबाइल हातात घेऊन बसले होते. त्यांच्याकडे आधी जेवण, मग व्यवहार.

सत्यशीलाने ताटाला नमस्कार केला आणि हात मांडीवर ठेवले.

"आजी, मला खाता येणार नाय."

"का? आमच्या घरचं चालत नाय व्हय?"

शेठजींनी मोबाइल पालथा ठेवला. मी गोड शब्दांत काहीतरी सावरू लागले, तर केसरबाईंनी हातानेच मला थांबवले.

"तसं नाय, आजी. उद्या वजन हाय."

"एका पोळीनं काय व्हतंय?"

"एका पोळीनं मी घरी बसते. तुमचे पैसे बी वाया जातेत."

ताटातली आमटी निवत चालली. मग केसरबाईंनी विचारले, पोटभर कधी जेवली होतीस. नऊ दिवसांपूर्वी, ती म्हणाली. म्हातारीने तिचे मनगट धरून पाहिले आणि ते ताट स्वतःपुढे ओढले.

"बद्री, पाठव हिचे पैसे. मंग आपुन जेवू."

शेठजींनी आईकडे पाहिले, मोबाइल उचलला आणि पैसे थेट संघटनेच्या खात्यात पाठवले. मला मात्र दोन पोळ्या खाव्या लागल्या. सत्यशीला समोर भिंतीकडे बघत बसली होती. एकही घास गोड लागला नाही.

शुक्रवारी सात वाजून दहा मिनिटांनी काट्यावर आकडा आला, सत्तेचाळीस किलो नऊशे पन्नास. अधिकाऱ्यांनी पावती पाहून नावापुढे खूण केली. ती खाली उतरली आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली हिसकावून उभ्यानेच संपवली.