मनकर्णाबाईंचं अधिकाचं वाण

अधिक श्रावण, रविवार. पूजा आटोपून वही उघडली ती मनकर्णाबाईंसाठीच.

उस्मानपुऱ्यात आमची भिंतीला भिंत. नवरा लवकर गेला. साड्यांना फॉल-पिको करून बाईंनी एकटीनं लेकीला, ओवीला वाढवलं. ओवी चार वर्षांपासून संस्कृतीसोबत संसार करते. बाईंनी पहिलं वर्षभर अबोला धरला, मग एके सकाळी गुपचूप दोघींचे डबे भरले.

एप्रिलात समलिंगी लग्नांची कोर्टातली सुनावणी मोबाईलवर ऐकायला ओवी-संस्कृतीची मित्रमंडळी बाईंकडंच जमायची. पहिल्या दिवशी जो तो 'मी' म्हणायचा, आठवड्यात सगळे 'आम्ही' म्हणायला लागले. मग त्या 'आम्ही'वरूनच भांडणं! वकील म्हणाले, ही जोडपी चारचौघांसारखीच आहेत. ओवीला ते पटलं. तिची मैत्रीण सोनिया उसळली, "मला लग्नच नाय करायचं. मग मी तुमच्यात नाय का?"

निकाल अजून यायचाय. पण लेक-जावयाला वाण द्यायचा हा महिना बाईंना हुकवायचा नव्हता. आज त्यांनी ताटात तेहतीस अनारसे, दिवा अन् रीतीप्रमाणं टॉवेल-टोपी मांडून ते संस्कृतीपुढं ठेवलं.

"आई, मी जावई नाय हो." ती हसली, पण ताटाला हात लावेना.

"घे की!" ओवी चिडली. "कोर्टात हेच तर मागतोय आपण."

"मी टोपी कधी मागितली?"

बाईंचा चेहरा उतरला, माझ्याकडं वळल्या. "वैनी, तुम्ही पोथी वाचता. लई चुकलं का माझं?"

"जावयात नारायण बघून द्यायचं असतं," मी म्हणाले. "तुम्हाला काय दिसतं?"

"मला तर दोघींत लक्ष्मीच दिसती!"

"मग दोन लक्ष्म्या बसवा."

टोपी आत गेली, पाट दोन आले. अनारसे सोळा-सोळा वाटले, उरलेला कडेला बसलेल्या सोनियाला.

"मावशी, मी तर एकटी."

"मग? आपल्यातलीच ना तू? खा गुमान."

आता ओटी. बाई मागं सरल्या. "ती वैनी भरतील." विधवेनं भरायची नाही, अशी आमच्याकडं रीत.

"भरायची तर तुम्हीच, आई," संस्कृती म्हणाली. "नायतर मी उठते."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी घाईनं ओंजळ रिती केली, निम्मे तांदूळ संस्कृतीच्या ओढणीत, निम्मे फरशीवर, अन् सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या त्या बाईच.