अक्का काम सोडून गेली तेव्हा

सुपा धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका रिसॉर्टात मी सुट्टीत काम करते. पाहुण्यांची नोंद घ्यायची, खोल्या दाखवायच्या. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. खुर्चीत बसायचं काम मिळालं याचं बाबांना फार कौतुक.

बाकीचे कामगार संध्याकाळी आपापल्या घरी जातात. स्वयंपाकघरामागच्या खोलीत मुक्कामाला दोघीच होतो, मी आणि खोल्या आवरणारी रामनगरची अक्का. मोबाइलला रेंज फक्त रस्त्याच्या वरच्या वळणावर, आणि गव्यांच्या भीतीने अंधार पडल्यावर तिकडे जायचं नाही. पाहुण्यांना हीच शांतता आवडते. तेवढ्यासाठी ते लांबून येतात.

अक्का काम सोडते म्हणाली, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. "तू शिकलेली. समजाव तिला. पगार वाढवतो म्हणावं."

खरं तर ती जायला मलाच नको होती.

"अक्का, साहेब काही बोलले का?"

"न्हाई गं. बरा हाय त्यो."

"मग जेवण?"

"बघ की, जाड झाले मी!" ती हसली. मग चादरीची घडी घालत म्हणाली, "दिसभर पावण्यांसंगं हसायचं. पोरगी शाळंतनं येती तवा मी हितं चहा देत असती. आता फोन लावला तरी ती गप्पच. काय बोलायचं त्येच तिला कळंना."

मी धीर करून साहेबांना म्हटलं, संध्याकाळी उजेड आहे तोवर अक्काला फोन करायला वळणावर जाऊ द्या, चहा मी देते. ते चक्क हो म्हणाले. पण अक्काचं मन उठलं होतं. रविवारच्या बसने ती गेली.

माणसं नोकरी का सोडतात, यावर आमच्या पुस्तकात धडा आहे. मला तो चांगला येतो. तरी आता खोलीत एकटीच उरलेली मी रात्री जेवणाचं ताट घेऊन दारात बसू लागले, समोरून कुणी तरी जाईल म्हणून. कुणी जात नसे. आपणही सोडावं असं वाटायचं, पण बाबांना काय सांगू? पगार आहे, त्रास नाही, तरी जमत नाही, हे कसं सांगतात?

परवा नवी बाई हातात कपड्यांची पिशवी घेऊन कामाचं विचारायला आली. पगाराचं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "रातच्याला हितं सोबतीला कोण हाय?"

साहेब माझ्याकडे बघत होते.

"कॉलेज सुरू होईपर्यंत मी हाय," मी म्हणाले. "पुढचं मला ठाऊक न्हाई."

तिने पिशवी खाली ठेवली.