मॅट्रनबाईंचा हात

मॅट्रनबाई माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी दात. तुम्ही नमस्कार केलात की त्या तुमच्या हनुवटीला दोन बोटं लावून तोंड किंचित वर करायच्या आणि जागच्या जागी निकाल द्यायच्या. एकदा निवडणुकीचा एक उमेदवार शास्त्री नगरात मतं मागत त्यांच्या दाराशी आला. मागे दोनशे कार्यकर्ते, चार ढोल आणि एक उंट. (उंट मी नंतर घातला, पण ढोल खरे.) बाईंनी त्याची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "भैयाजी, नीचे का जबडा आगे है. रिंग से बाहर कर देंगे आपको." तो पडला. मतमोजणीच्या आधी हा निकाल ठाऊक असलेली जयपुरात एकच बाई होती.

जन्म मिरजेचा आणि सगळी नोकरी जयपूरच्या एका सरकारी इस्पितळात. तिथून मॅट्रन म्हणून निवृत्त झाल्या, पण निवृत्ती फक्त इस्पितळाला मिळाली. बाईंची राउंड घरी चालूच राहिली. लग्न केलं नाही, वायर फॉक्स टेरियर पाळले. ज्यांनी ही जात पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: उंची गुडघ्याएवढी, अंग पांढरं, तोंड लांबट आणि दाढीमिशीवालं, केस तारेसारखे राठ, आणि आपण वाघ आहोत याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. वंशावळीच्या कागदावर त्यांची नावं मालगाडीएवढी लांब असत. घरी मात्र सलाईन, बँडेज, थर्मामीटर. हे तिघंही कुत्र्यांच्या शोच्या रिंगमध्ये उतरून चॅम्पियन झालेले. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तेव्हा या घराण्यातली एकच उरली होती. तिच्या डोक्यावर आणि कानांवर तांबूस तपकिरी रंग असा होता, की जखमेला लावताना कुणीतरी बाटलीच उपडी केली असावी. तिचं नाव टिंक्चर.

मी मूळ बार्शीचा. कंपनीनं जयपूरला पाठवलं आणि मानसरोवर नावाच्या तिथल्या वस्तीत एका खोलीत येऊन पडलो. मराठी मंडळींच्या गणपतीत मोदकाच्या रांगेत उभा होतो, तर समोरून एक बाई आल्या, माझी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "दात बरे आहेत. खांदे पडलेत, पण ते उपाशी राहून. काय करतोस?"

"सॉफ्टवेअर इंजिनियर आहे."

"मतलब बसून असतोस. रविवारी जेवायला ये, इंजिनियर."

त्या दिवसापासून मी प्रत्येक रविवारी शास्त्री नगरात. त्यांचा झुणका खाऊन मी एकदा परतीच्या अर्ध्या वाटेवरच्या सोडाल्यापर्यंत पळत गेलो होतो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे बसनं गेलो होतो, पण बसायला जागा असून बसवत नव्हतं.

जेवण झालं की बाई अंगणात टेबल मांडायच्या, टिंक्चरला त्यावर उभी करायच्या आणि तिचे केस उपटायला लागायच्या. चिमटा नाही, कात्री नाही. अंगठा, तर्जनी आणि चिमूटभर खडूची पूड. वरचा राठ केस पिकला की तो ओढून काढायचा, म्हणजे खालून नवा राठ केस येतो. शोच्या दिवशी तो नेमका भरात यावा म्हणून काही महिने आधीपासून हिशेब धरायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुत्री आता किंचाळेल. ती झोपली होती. उभ्या उभ्या.

"केस उपटायचा नसतो रे," बाई म्हणाल्या. "मागायचा असतो. तयार असला की तोच देतो."

मला ही सगळी जुन्या माणसांची हौस वाटायची, त्यात बाईंच्या बोटांची पेरं सुजायला लागली होती. संध्याकाळी त्यांना कपाचा कान धरता यायचा नाही. पण थांबायला तयार नव्हत्या. चॅम्पियन व्हायला तीन वेगवेगळ्या जजची तीन सर्टिफिकेटं लागतात, टिंक्चरची दोन झाली होती. "ही माझी शेवटची," त्या म्हणायच्या. "हिला चॅम्पियन करायची आणि मिरजेला भावाकडे जायचं. अर्धी सोडून नाही जायची मी."

आणि इथे मी शिरलो.

शोच्या तीन आठवडे आधी पुतण्याच्या लग्नासाठी बाई मिरजेला गेल्या आणि टिंक्चरला माझ्याकडे ठेवलं. जाताना म्हणाल्या, "खायला घाल, फिरव. बाकी हात लावू नकोस." आता मी बार्शीचा माणूस, मला कुणी काही करू नको म्हटलं की माझ्या डोक्यात उपकार करायचे विचार येतात. टिंक्चर मला जरा झिपरी दिसत होती. मला बाईंची बोटं आठवली. म्हटलं, बिचाऱ्यांचा त्रास वाचवावा. मानसरोवरातच कुत्र्यांचं एक झकास सलून होतं. एसी, आरसा, शँपूचा वास. तिथल्या भैयानं मशीन फिरवलं आणि वीस मिनिटांत टिंक्चर अशी गुळगुळीत झाली, की मी त्याला वर बक्षीस दिलं.

बाई स्टेशनवरून थेट माझ्या खोलीवर आल्या. टिंक्चर धावत गेली. बाई वाकल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या. राठ केस सगळा गेला होता, उरली होती नुसती खालची मऊ लव. तो तांबूस रंगसुद्धा दुधात बुडवल्यासारखा फिका पडला होता.

"मशीन?"

"हो. म्हटलं, तुमच्या बोटांना त्रास..."

"माझ्या बोटांनी तुझ्याकडे तक्रार केली होती?"

वाटलं, आता या मला पिशवीत भरून मिरजेला पाठवतील. बाई उठल्या, पट्टा घेतला आणि म्हणाल्या, "नाव दिलंय, शोला जायचं. रिंगमध्ये तू घेऊन जाशील."

मी गेलो. आजूबाजूला एकाहून एक ताठ टेरियर आणि मध्ये आमची ही मऊ उशी. जजनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "बेटा, ये किसने किया?" ओरडले असते तर बरं झालं असतं. आम्ही शेवटून पहिले आलो. बाहेर येईपर्यंत मला कळलं होतं, की बाईंनी शब्दांनी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. म्हणून त्यांनी मला त्या जजच्या हाताखाली उभं केलं.

"रविवारी ये," बाई म्हणाल्या. "आणि जेवून ये. काम आहे."

पहिला महिना त्यांनी मला कुत्रीला शिवूच दिलं नाही. समोर काथ्याचं पायपुसणं ठेवलं. त्यातला एकाआड एक धागा असा काढायचा, की लांबून पाहणाऱ्याला कळता कामा नये. मी तीन पायपुसणी टकली केली. चौथं बाईंनी उन्हात धरलं, उलटसुलट केलं आणि दाराशी टाकलं. शिकवणीत मिळालेलं कौतुक ते एवढंच.

मग टिंक्चर. मशीननं मारलेला केस वाढेपर्यंत थांबायचं, मग जुना सगळा मागून घ्यायचा, मग नव्याची वाट बघायची. मध्ये जयपूरचा उन्हाळा. त्या वर्षी आमच्या गच्चीवर पापड वाळत नसत, थेट भाजून निघत. तोवर बाईंची बोटं पार मिटली होती. एका सकाळी त्यांनी खडूची पूड घेतली, टिंक्चरच्या मानेवर हात ठेवला, आणि अंगठा तर्जनीला भेटेना. पुन्हा करून पाहिलं. मग डबा माझ्याकडे सरकवला. त्यानंतर त्या खुर्चीत बसून डोळे मिटून नुसत्या ऐकत. "ओढलास. मागितला नाहीस," म्हणत. डोळे मिटलेल्या बाईला कसं कळायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात शो आला. टिंक्चर सहा वर्षांची झाली होती. यंदा जमलं नाही तर पुढं नाही, हे न बोलता आम्हाला दोघांना माहीत होतं. या खेपेला जज एक म्हातारे निवृत्त फौजी होते. त्यांनी टेबलावर टिंक्चरच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या कुत्र्याकडे गेले, परत आले, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी स्वतःच्या बुटांकडे बघत होतो. ती मात्र शेपूट खिळ्यासारखी ताठ ठेवून त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

सर्टिफिकेट मिळालं. फौजी स्वतः चालत रिंगच्या कडेला, बाईंच्या खुर्चीपाशी आले. "मॅट्रन साहिबा, बालों का ऐसा कोट आजकल कौन बनाता है! ये हाथ आप ही का है ना?"

बाईंचे दोन्ही हात शालीत होते. त्या बाहेर काढत नसत, कुणी बघू नये म्हणून.

"और किसका होगा?" बाई म्हणाल्या.

मी पट्टा धरून शेजारीच उभा. वर्षभराचे रविवार माझे, चार पायपुसणी माझी, आणि एक शब्द माझ्या नावावर नाही! खरं तर भडकायला हवं होतं. पण आनंदानं मला रिंगमध्येच कोलांटी मारावीशी वाटत होती. या बाईंनी सबंध जन्मात दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून मिरवलेलं मी ऐकलं नव्हतं. कारण दुसऱ्याचं काम त्यांना कधी पसंतच पडलं नव्हतं.

महिनाभरात त्या टिंक्चरला घेऊन मिरजेला गेल्या. गाडीत खिडकीशी बसून मला म्हणाल्या, "नीट जेवत जा." गाडी हलल्यावरही काहीतरी म्हणत होत्या, पण टिंक्चर शेजारच्या डब्यातल्या कुणावर तरी भुंकत होती.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. बाई गेल्या होत्या, झोपेतच. आणि टिंक्चर कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती, केस वाढून नुसतं जंगल झालं होतं. मी मिरजेला गेलो. ती म्हातारी झाली होती, तांबूस कानांत पांढरे केस. मी अंगणात टेबल मांडलं, खडू लावला आणि मागायला सुरुवात केली. ती उभ्या उभ्या झोपली.

भाऊ पायरीवर बसून बघत होते. एक बाजू होत आली तेव्हा म्हणाले, "म्हणजे तुम्हीच का ते?"

"कोण?"

"ताई सांगायची, माझा एक हात जयपुरात आहे म्हणून."

(यात मी उंट घातलेला नाही.) मी खाली बघून दुसरी बाजू करायला घेतली.